इंजिन बंद करायचं नाही! : हेलिकॉप्टर 'चालू' करण्याचा इतिहास

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय लष्करी हेलिकॉप्टरचा आहे, पण सुरुवात विहिरीवरून करूया. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या मंडळींनी घरोघरी वीजपंप येण्याआधीचे दिवस पाहिलेत, त्यांना विहिरीवरचं ऑइल इंजिन आठवत असेल. ते चालू करणं हे एक कामच असायचं. हँडल शाफ्टला अडकवायचं, एका हातानं वरचा छोटा खटका उचलून धरायचा म्हणजे सिलिंडरमधली हवा कोंडत नाही, आणि दुसऱ्या हातानं जीव खाऊन हँडल फिरवायचं. जड चाकानं वेग घेतला की खटका सोडायचा. मग एक धक्का, काळ्या धुराचा एक लोट, आणि टप-टप-टप-टप. जमलं तर जमलं. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच समजा.

हिवाळ्यात तर विचारूच नका. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की तेल घट्ट होतं, चाक हलायला तयार नसतं, आणि एकाला दोन माणसं लागतात.

या सगळ्यात एक साधी गोष्ट आहे. एकदा चालू झालं की ते इंजिन दिवसभर पाणी उपसतं, त्याला कुणाची गरज लागत नाही. पण चालू होण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात ते पूर्णपणे दुसऱ्याच्या ताकदीवर अवलंबून असतं. माणूस नसेल, हँडल नसेल, तर टाकीभर डिझेल असून उपयोग शून्य.

आता हीच अडचण वीस हजार फुटांवर, बर्फात, उणे तीस-चाळीस अंशांत आली तर? तिथं हँडल कोण मारणार? हाच आपला आजचा प्रश्न. हेलिकॉप्टर किती उंच उडतं, किती वजन उचलतं, याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. पण एखादं हेलिकॉप्टर कुठे *थांबू* शकतं, म्हणजे इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्याची हिंमत कुठे करू शकतं, हे ठरतं ते त्याच्या स्टार्टरवर. भारताच्या डोंगराळ सीमेवरच्या हेलिकॉप्टरचा इतिहास या बाजूनं पाहिला तर फार वेगळा दिसतो.

पंखा हातानं फिरवायचे दिवस

विमानांची सुरुवातही विहिरीवरच्या इंजिनासारखीच झाली. पुढे उभं राहायचं, लाकडी पंख्याचं पातं धरायचं, जोरात खाली ओढायचं आणि लगेच मागे व्हायचं. यात कित्येकांचे हात गेले, कित्येकांचे जीव गेले. इंजिनं मोठी होत गेली तसा माणसाचा जोर अपुरा पडायला लागला. मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिशांनी एक भन्नाट उपाय काढला. मोटारगाडीच्या डोक्यावर एक लांब दांडा बसवला, तो विमानाच्या पंख्याच्या मधोमध अडकवायचा, आणि गाडीच्या इंजिनानं विमानाचा पंखा फिरवायचा. बेंटफील्ड हक्स नावाच्या वैमानिकाच्या नावावरून त्याला 'हक्स स्टार्टर' म्हणायचे.

उपाय छान होता, पण त्यात एक मेख होती. गाडी जिथं आहे तिथंच विमान चालू होणार. म्हणजे विमान उडून जाईल शंभर मैल, पण दुसरीकडे उतरून इंजिन बंद केलं की तिथं गाडी हवी.

ही मेख सोडवली काडतुसानं. १९३० च्या दशकात 'कॉफमन स्टार्टर' आला. आता काडतूस हा शब्द जळगाव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आपल्याकडेच, भुसावळजवळ. रायफलच्या गोळ्या तिथं बनतात. तर बंदुकीत काडतूस काय करतं? दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळीला ढकलतो. कॉफमननं तेच केलं, फक्त गोळी काढून टाकली. बिनगोळीचं काडतूस फोडायचं, त्याच्या वायूनं एक दट्ट्या ढकलायचा, आणि त्या दट्ट्याला असलेल्या आट्यांमुळे इंजिनाचा शाफ्ट गर्रकन फिरायचा. दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायरसारखी विमानं अशी चालू व्हायची.

१९६५ चा 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स' हा सिनेमा काहींनी पाहिला असेल. वाळवंटात पडलेलं विमान, मोडक्यातून जोडलेलं नवं विमान, आणि शिल्लक काडतुसं फक्त सात. एकेक काडतूस वाया जात असताना श्वास रोखून धरायला होतो. काडतुसाच्या पद्धतीतली गोम त्या प्रसंगात नेमकी दिसते. मोजून प्रयत्न करता येतात, आणि काडतुसं संपली की खेळ संपला.

जेट विमानांतही ही पद्धत बराच काळ टिकली. आपल्या हवाई दलाचं कॅनबेरा बॉम्बर, जे १९५७ पासून २००७ पर्यंत सेवेत होतं आणि ज्याचं एक स्क्वाड्रन पुण्याला लोहगावला असायचं, ते काडतुसानंच चालू व्हायचं. चालू होताना इंजिनातून काळ्या धुराचा लोट निघायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं आग लागली.

मग हेलिकॉप्टरला ही पद्धत का नाही रुळली? ब्रिटिश नौदलाच्या वेसेक्स हेलिकॉप्टरच्या सुरुवातीच्या प्रकारांत काडतुसाचाच भाऊबंद वापरला गेला. 'एव्हपिन' नावाचं द्रवरूप इंधन, रसायनाचं नाव आयसोप्रोपिल नायट्रेट. त्याला जळायला बाहेरची हवा लागत नाही, त्यामुळे बंद जागेतही जोरदार वायू तयार होतो. पण हा पदार्थ भलता पेटणारा. आगीची भीती कायम. शिवाय हेलिकॉप्टरचं काम बॉम्बरसारखं नाही, एकदा उडालं की तीन तासांनी परत आलं असं नसतं. ते दिवसात दहा ठिकाणी उतरतं. प्रत्येक वेळी काडतूस किंवा रसायन कुठून आणायचं?

हेलिकॉप्टरला 'धक्का स्टार्ट' नसतो

भारतीय हवाई दलात पहिलं हेलिकॉप्टर आलं १९५४ साली. अमेरिकन सिकोर्स्की एस-५५. त्याचं इंजिन पिस्टनचं, आणि बसवलेलं चक्क नाकात. पायलट इंजिनाच्या वर बसायचा आणि त्याच्या जवळून एक तिरपा शाफ्ट वरच्या पंख्याकडे जायचा. पुढे १९६० च्या सुमाराला रशियन एमआय-४ आलं, तेही नाकात इंजिनवालं. चौदा सिलिंडरचं, १,७०० अश्वशक्तीचं धूड. १९६२ च्या युद्धात लडाख आणि नेफामध्ये, आणि १९७१ च्या डिसेंबरात मेघना नदीवरून जवान पलीकडे नेताना, हेच एमआय-४ कामाला आलं होतं.

या यंत्रांची चालू होण्याची गंमत बघा. विमानाचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला असतो, इंजिन फिरलं की पंखा फिरला. हेलिकॉप्टरचा पंखा इतका मोठा आणि जड, की इंजिनाबरोबर तोही फिरवायचा म्हटलं तर कुठलाच स्टार्टर पुरणार नाही. म्हणून मध्ये क्लच. आधी इंजिन एकटं चालू करायचं, तापू द्यायचं, आणि मग हळूच क्लच धरून पंखा फिरवायला घ्यायचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल.

पण ट्रॅक्टरची दुसरी युक्ती मात्र इथं चालत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर आपण काय करतो? उतारावर सोडतो, गिअर टाकतो, क्लच सोडतो. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन चालू. विमानातही असं जमतं. हवेत बंद पडलेलं पिस्टन इंजिन, विमानानं सूर मारला की वाऱ्यानं फिरणाऱ्या पंख्याच्या जोरावर पुन्हा चालू होऊ शकतं.

हेलिकॉप्टरमध्ये मात्र पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये एक फ्रीव्हील असतं, अगदी सायकलसारखं. इंजिन पंख्याला फिरवू शकतं, पंखा इंजिनाला नाही. हे मुद्दाम केलेलं असतं, आणि त्यामागे जीव वाचवायचा विचार आहे. इंजिन बंद पडलं तर पंख्याला ब्रेक लागू नये, तो वाऱ्यावर फिरत राहावा, आणि त्या फिरण्यावर पायलटनं हेलिकॉप्टर अलगद खाली आणावं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण त्याच फ्रीव्हीलमुळे धक्का स्टार्टचा रस्ता कायमचा बंद. डोक्यावर पंखा गरगर फिरत असतो आणि इंजिन मात्र मुकाट. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टर्बाइन आलं, नवं दुखणं आलं

१९५५ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये 'अलुएत-२' उडालं आणि हेलिकॉप्टरचं जग बदललं. त्यात पिस्टन इंजिनाऐवजी टुर्बोमेका कंपनीचं 'आर्तुस्त' हे छोटं टर्बाइन होतं. वजन कमी, ताकद जास्त, थरथर कमी. त्याचा पुढचा भाऊ 'अलुएत-३' भारतानं परवान्यावर बनवायला घेतला. करार १९६२ चा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं हेच आपलं 'चेतक'.

मग सैन्यानं डोंगरासाठी आणखी हलकं आणि उंच जाणारं यंत्र मागितलं. फ्रेंचांनी अलुएत-२ चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर अलुएत-३ चं दमदार इंजिन आणि पंखा चढवला. १७ मार्च १९६९ ला हे यंत्र पहिल्यांदा उडालं. फ्रेंच त्याला 'लामा' म्हणतात, आपण म्हणतो 'चीता'. म्हणजे बघा, हे हेलिकॉप्टर जन्मालाच आलं ते भारताच्या गरजेतून. त्याच वर्षी हिमालयातल्या प्रात्यक्षिकात लामा ७,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडालं होतं.

या आर्तुस्त इंजिनाची खरी ताकद होती ८७० अश्वशक्ती, पण ते ५५० वर बांधून ठेवलेलं. कारण असं, की उंचावर हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर कमी होतो. खाली राखून ठेवलेला तो जोर वर कामाला येतो. घरच्या पैशासारखं, सुगीत सगळा उडवायचा नाही.

आता टर्बाइन चालू कसं होतं? डिझेल इंजिनाला दोन-चार फेरे मिळाले की पुरतं. टर्बाइनचं तसं नाही. त्याचं काम म्हणजे पुढून हवा ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं, आणि जळालेल्या गरम वायूनं मागचं चक्र फिरवायचं. तेच चक्र पुन्हा पुढचा हवा ओढणारा कॉम्प्रेसर फिरवतं. म्हणजे हवा पाहिजे तर आग पाहिजे, आणि आग पाहिजे तर हवा पाहिजे. हा फेरा सुरू करायला बाहेरून कुणीतरी कॉम्प्रेसर बऱ्यापैकी वेगात फिरवत ठेवला पाहिजे, तोही काही सेकंद सलग.

चेतक आणि चीतामध्ये हे काम बॅटरी आणि विजेची मोटर करते. मोटर कॉम्प्रेसर फिरवते, मग शाफ्टवरच बसवलेल्या चक्रातून इंधन फवारलं जातं, ठिणगी पडते, ज्योत धरते. आता वेग वाढत जातो आणि एका टप्प्यावर इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहतं. मग मोटरची गरज संपते, उलट तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी भरायला लागते. त्यानंतर पायलट इंधनाचा लिव्हर हळूहळू पुढे सरकवतो, क्लच धरतो, आणि पाती आळस दिल्यासारखी फिरायला लागतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण समजा बॅटरी अर्धवट उतरलेली आहे. मोटर जोर धरत नाही, कॉम्प्रेसर रेंगाळतो, हवा कमी येते. इंधन मात्र ठरल्याप्रमाणे येतंय. हवा कमी आणि इंधन जास्त म्हणजे आतलं तापमान एकदम भडकणार. याला 'हॉट स्टार्ट' म्हणतात. काही सेकंदांत टर्बाइनची पाती भाजून निघतात आणि इंजिन उतरवून दुरुस्तीला पाठवावं लागतं. म्हणून चालू करताना पायलटचा हात लिव्हरवर आणि डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा वर पळाला की ताबडतोब इंधन बंद.

हे सगळं शिकायचं ठिकाण आपल्यापासून काही लांब नाही. भुसावळ-जळगावकडून रेल्वेनं गेलात तर नाशिकरोड स्टेशनपासून थोड्याच अंतरावर गांधीनगर. तिथं २००३ पासून कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. सैन्याचे हेलिकॉप्टर पायलट तिथं तयार होतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते याच चेतक आणि चीतावर शिकलेत. नाशिककरांना डोक्यावरची त्यांची घरघर इतकी सवयीची झालीय की मान वर करून कुणी बघतही नाही.

बूलेचं इंजिन विझलं तेव्हा

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. २१ जून १९७२. फ्रान्समधल्या इस्त्र इथून ज्याँ बूले नावाचा चाचणी वैमानिक एका लामामध्ये बसला. जास्तीचं सामान काढून हलकं केलेलं यंत्र. तो चढत गेला, चढत गेला, आणि पोचला १२,४४२ मीटरवर, म्हणजे चाळीस हजार फुटांच्याही वर. जिथं प्रवासी जेट विमानं उडतात तिथं. बाहेर तापमान उणे साठच्या खाली.

विक्रम झाला. आता उतरायचं म्हणून बूलेनं इंजिनाचा जोर कमी केला, आणि इंजिन विझलं. विरळ हवा, कडाक्याची थंडी. पुन्हा चालू होण्याचं नाव नाही. डोक्यावर पंखा वाऱ्यानं फिरतोय, पण फ्रीव्हीलमुळे त्याचा इंजिनाला काही उपयोग नाही. ढग आणि काचेवर बर्फ. त्या अवस्थेत बूलेनं बारा किलोमीटरची ती सगळी उंची ऑटोरोटेशनवर उतरून यंत्र जमिनीवर सुखरूप टेकवलं. उंचीचा विक्रम करायला गेलेला माणूस एकाच फेरीत सर्वांत लांब ऑटोरोटेशनचाही विक्रम करून आला.

हे चीताचंच भावंड आहे, तेच इंजिन. म्हणजे आपण ज्या यंत्रावर पुढे सगळा भार टाकणार होतो, त्याचं बळ आणि त्याची दुखरी जागा, दोन्ही एकाच दिवशी जगापुढे आली होती. वर जाण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण वर गेल्यावर विझलं, तर पेटेलच याची खात्री नाही.

सियाचीन : बंद करायचं नाही

ऑक्टोबर १९७८ मध्ये हवाई दलाचं चेतक सियाचीन हिमनदीवर उतरलं. तिथं उतरलेलं ते आपलं पहिलं हेलिकॉप्टर. मग १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत. कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली ४ कुमाऊँच्या तुकडीला चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला खिंडीवर उतरवलं. त्या दिवसापासून आजपर्यंत सियाचीनची वरची ठाणी हेलिकॉप्टरवर जगतात. रॉकेल, शिधा, औषधं, पत्रं वर जातात, आणि आजारी किंवा जखमी जवान खाली येतात.

तिथली परिस्थिती थोडी डोळ्यापुढे आणा. आपल्याकडे भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीस अंश, तर तिथं हिवाळ्यात उणे पन्नासपर्यंत. अशा थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, कारण तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. तेल घट्ट होतं, म्हणजे फिरवायला जास्त जोर लागतो. आणि हवा विरळ, म्हणजे कॉम्प्रेसर फिरला तरी आत येणारी हवा कमी, हॉट स्टार्टचा धोका जास्त. तिन्ही संकटं एकाच वेळी, आणि तिन्ही एकमेकांना वाढवणारी.

मग उपाय काय? मोठी बॅटरी न्यावी? वरच्या ठाण्यांवर चीता किती वजन नेणार याचा हिशोब किलोकिलोनं होतो. बॅटरीचं वजन वाढवलं तर तेवढा शिधा कमी. हेलिपॅडवर चार्जिंगची गाडी ठेवावी? हेलिपॅड म्हणजे तिथं बर्फावर सपाट केलेला एक तुकडा, बाजूला दरी.

म्हणून पायलटांनी एक नियमच करून टाकला. वर उतरलं तरी इंजिन बंद करायचं नाही. पाती फिरत असतात, हेलिकॉप्टर अर्धवट स्वतःच्या वजनावर आणि अर्धवट पंख्यावर टेकलेलं असतं, जवान वाकून धावत येतात, सामान ओढून काढतात, आजारी माणसाला आत सरकवतात, आणि हेलिकॉप्टर निघतं. सगळं मिनिटाभराच्या हिशोबात. चहा नाही, गप्पा नाहीत. फिरत्या पात्याखाली वावरणं धोक्याचं, तरी बंद इंजिनापेक्षा तो धोका परवडला.

थांबलेल्या हेलिकॉप्टरचं काय होतं, याचं एक अलीकडचं उदाहरण आहे. २०१८ च्या जानेवारीत सैन्याचं एक ध्रुव हेलिकॉप्टर तांत्रिक बिघाडामुळे सियाचीनच्या खंडा ठाण्याजवळ, सुमारे अठरा हजार फुटांवर, उतरवावं लागलं आणि बर्फात अडकलं. ते परत कधी आलं? जुलैमध्ये! तंत्रज्ञ वर गेले, बर्फातून यंत्र मोकळं केलं, भाग बदलले, इंजिन चालू केलं आणि पायलटांनी ते उडवत खाली आणलं. पायलटांचं कौतुक झालंच पाहिजे, पण त्या उंचीवर, धड श्वास घेता येत नाही तिथं, हातमोजे काढून नट-बोल्ट फिरवणाऱ्या तंत्रज्ञांचंही तेवढंच.

छोटा भाऊ मोठ्याला उठवतो

मोठ्या हेलिकॉप्टरनी वेगळी वाट धरली. रशियन एमआय-८ विजेच्या मोटरवरच चालू व्हायचं. त्याच्यानंतरचं एमआय-१७, जे आपल्याकडे १९८५ पासून आहे, त्यात जास्त ताकदीची इंजिनं आली आणि त्यांना उठवायला विजेची मोटर पुरेना. मग छपरावर, मुख्य इंजिनांच्या मागे, एक चिमुकलं टर्बाइन बसवलं. उडण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याचं काम एकच, दाबाची हवा तयार करायची. बॅटरी या छोट्याला उठवते, छोटा त्या हवेच्या झोतानं एका मोठ्याला उठवतो, मग दुसऱ्याला, आणि आपलं काम झालं की झोपी जातो. अर्थात, त्या छोट्यालाही श्वास घ्यायला हवा लागतेच, त्यामुळे उंचीची मर्यादा त्यालाही सुटली नाही.

सगळ्यात मजेशीर प्रकार चिनूकचा. २०१९ च्या मार्चमध्ये चंडीगडला हवाई दलात दाखल झालेलं, दोन पंख्यांचं ते अवाढव्य अमेरिकन हेलिकॉप्टर. त्याची मुख्य इंजिनं ना विजेवर चालू होतात, ना हवेवर, तर दाबाखालच्या हायड्रॉलिक तेलावर. आपल्या जेसीबीचा हात ज्यावर हलतो तेच तत्त्व. हा दाब एक छोटं सहायक इंजिन तयार करतं. आणि त्या सहायक इंजिनाला कोण उठवतं? एका टाकीत साठवून ठेवलेला तेलाचा दाब. आणि समजा तो दाबही उतरला तर?

तर आत एक हातपंप असतो! एक माणूस दांडा धरतो आणि आपल्या गावच्या हापशीसारखा खाली-वर करत बसतो. पुरेसा दाब झाला की सहायक इंजिन सुरू, त्याच्यावर मुख्य इंजिन सुरू, आणि कित्येक टन वजन उचलणारं ते धूड आकाशात. म्हणजे एवढं सगळं फिरून आपण पुन्हा विहिरीवर येऊन पोचलो. सगळ्या युक्त्यांच्या तळाशी शेवटी माणसाचा हात ठेवलाय, आणि तो विचार करून ठेवलाय.

रात्रभर गारठवून, सकाळी बटण

भारतात नवी हेलिकॉप्टरं घडवताना हा सगळा अनुभव समोर होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं हलकं लढाऊ हेलिकॉप्टर, जे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जोधपूरला 'प्रचंड' या नावानं हवाई दलात आलं, त्याची २०१५ मध्ये लेहच्या बाजूला थंडीची चाचणी झाली होती. त्या चाचणीचा एक भाग उडण्याचा नव्हताच. ४.१ किलोमीटर उंचीवर, उणे १८ अंशांत, यंत्र रात्रभर उघड्यावर उभं ठेवायचं. लोखंड-तेल-बॅटरी सगळं पूर्ण गारठू द्यायचं. आणि सकाळी बाहेरून कुठलीही मदत न घेता, आतल्याच बॅटरीवर इंजिन चालू करायचं. ते झालं. चीताची जागा घेण्यासाठी बनवलेल्या हलक्या उपयोगी हेलिकॉप्टरलाही २०१९ च्या जानेवारीत लेहला याच परीक्षेला बसवलं.

बातमीत अशा चाचणीला एखादं वाक्य मिळतं. फोटो येतो तो बर्फाच्या शिखरावरून उडतानाचा. पण वरच्या ठाण्यावर बसलेल्या जवानाच्या दृष्टीनं ती रात्रभराची परीक्षा फार मोलाची आहे. हेलिकॉप्टर मुक्कामाला थांबू शकत असेल, तर हवामान बिघडल्यावर पायलटला 'आत्ता निघालो नाही तर यंत्र गेलं' अशा घाईत निर्णय घ्यावा लागत नाही. ढग उतरले तर ढग जाईपर्यंत थांबता येतं. आजारी जवानाला पहाटे पहिल्या उजेडात खाली नेता येतं, कारण यंत्र तिथंच आहे आणि सकाळी ते चालू होणार आहे हे माहीत आहे.

चीताचं मूळ डिझाइन आता पन्नाशी ओलांडून गेलंय. इतकी वर्षं त्यानं सियाचीन सांभाळलं, त्यात चांगले पायलट गमावलेही. त्याच्या जागी नवं यंत्र वेळेत आणि पुरेशा संख्येनं येणं, हा म्हणूनच नुसता खरेदीचा विषय नाही. खानदेशातल्या गावागावांतून पोरं सैन्यात जातात, त्यातली काही त्या ठाण्यांवर असतात. त्यांच्यासाठी प्रश्न साधा आहे: आलेलं हेलिकॉप्टर इथं थांबू शकेल का?

तर मंडळी, पुढच्या वेळी नाशिकरोडला उतरलात आणि गांधीनगरच्या बाजूनं चीता घरघरत जाताना दिसला, तर एक मिनिट मान वर करा. आत बसलेल्या शिकाऊ पायलटनं उडायच्या आधी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून ते इंजिन चालू केलेलं असतं. आणि तुमच्या शेतात कुठं जुनं ऑइल इंजिन गंज खात पडलं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, थंडीत ते चालू करायला काय काय करायचे. कुणी चाकाला दोरी गुंडाळून ओढायचं, कुणी गरम पाणी ओतायचं. असे किस्से आम्हाला जरूर लिहून कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवू.

आजच्यासाठी एवढंच. भेटूया पुढच्या भागात. राम राम!